पहिली सुई कुठली? निपाणीकडच्या एका म्हशीचं प्रकरण

मागच्या डिसेंबरातलं प्रकरण आहे. निपाणी तालुक्यातलं वेदगंगेकाठचं गाव. ऊसतोड जोरात होती आणि गावातली निम्मी जनावरं उसाच्या वाड्यावर जगत होती. मी या भागात सतरा वर्षं जनावरांची डॉक्टरकी करतोय. त्या सकाळी जे झालं त्याला कारण माझीच सुई होती, आणि त्यातून जनावर वाचलं तेही सुईनंच. म्हणून सगळं वेळेसकट लिहून ठेवतो. व्यवसायातल्या तरुण मित्रांना उपयोग होईल, आणि ज्यांच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत त्यांनाही.

जनावर

पंढरपुरी म्हैस, लांब तलवारीसारखी शिंगं, वय सातच्या आसपास, तिसरं वेत. पाच महिन्यांची गाभण, दोन वेळचं मिळून सहा लिटर दूध. मालक साठीतले आप्पा. धारा काढायचं काम काकूंचं, त्यामुळं म्हशीबद्दल खरी माहिती काकूंकडं. म्हैस पाच महिन्यांपूर्वी व्यापाऱ्यामार्फत कागलकडून आणलेली. कानात बारा आकडी बिल्ला होता. नंबर टाकल्यावर लसींच्या तारखा मिळाल्या, त्यापलीकडं काही नाही.

वजन मला माहीत होतं, आणि पुढं त्याचा फार उपयोग झाला. पंधरा दिवसांपूर्वी जंताचं औषध देताना फितीनं मोजलं होतं: छातीचा घेर 70 इंच, लांबी 54 इंच. घेराचा वर्ग करून लांबीनं गुणायचं आणि 660 नं भागायचं. 400 किलो. डायरीत आकडा लिहिलेला होता.

तक्रार साधी होती. तोडलेल्या उसाच्या रानात चरताना मागच्या उजव्या पायाच्या खुराच्या बेचक्यात बुडख्याचं टोक घुसलं होतं. तीन दिवसांत पाय सुजला, वास यायला लागला, म्हैस पाय टेकेना. बेचक्यातली जखम उघडून धुतली, कुसळ काढलं. ती लाथा झाडत होती, म्हणून गुंगीचं इंजेक्शन काढायचं मनात आलं होतं. पण आप्पांच्या पुतण्यानं दोरीनं पाय बांधून धरला आणि काम झालं. ते गुंगीचं औषध दिलं नाही हे किती बरं झालं, ते पुढं सांगतो.

सात वाजून पंधरा मिनिटांनी मानेच्या स्नायूत पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनची मिश्र सुई दिली. दट्ट्या मागं ओढून पाहिला, रक्त आलं नाही. काकू म्हणाल्या, "च्या ठेवलाय डाक्टर, घिऊन जावा की." मी नको म्हणालो. पुढच्या गावात एक गाय वेतात अडली होती.

सव्वासात ते सव्वाआठ

7 वाजून 24 मिनिटांनी फोन आला. मी पुणे-बेंगळूर महामार्गाला लागलोच होतो.

"डाक्टर, म्हस आडवी व्हायला लागलीया! तोंडातनं फेस याय लागलाय. लौकर या!"

7:31 ला गोठ्यात परत. म्हैस पुढच्या गुडघ्यांवर आली होती, मान लांब ताणलेली, जीभ बाहेर, नाकपुड्यांतून पांढरा बारीक फेस. दोन्ही पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळे फटींसारखे दिसत होते. मानेवर आणि छातीवर गांधी उठल्या होत्या. काळ्या म्हशीच्या कातडीवर त्या दिसत नाहीत, हात फिरवला की कळतात. शेपटीखालचा निरणाचा भाग सुजून लोंबत होता. डावी कूस फुगलेली. श्वास मिनिटाला 64, ठोके 112, ताप 99.6 फॅरनहाइट, म्हणजे म्हशीच्या मानानं कमीच. हिरडी फिकट निळसर. बोटानं दाबून सोडल्यावर रंग परत यायला चार सेकंद. फुप्फुसावर कान लावला तर दोन्ही बाजूंना पाणी उकळल्यासारखा आवाज.

निदानाला फार वेळ लागला नाही, तरी दोन शंका मनात येऊन गेल्या. पेनिसिलिनच्या सुईत प्रोकेन हे बधिर करणारं औषध असतं. सुई चुकून शिरेत गेली तर त्या प्रोकेननं जनावर वेड्यासारखं उधळतं, थरथरतं, पडतं. पण ते सुई काढता काढताच होतं, दहा मिनिटांनी नाही, आणि त्यात पापण्या सुजत नाहीत, गांधी उठत नाहीत. दुसरी शंका सापाची. उसाच्या रानातून आलेलं जनावर म्हटलं की ती येतेच. पण म्हैस सकाळपासून दाव्याला होती. हा पेनिसिलिनचा झटका होता. अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे औषधाची जीवघेणी अ‍ॅलर्जी.

आता खरा प्रश्न: बॅगेतली कुठली बाटली आधी उघडायची?

आमच्याकडं हात सवयीनं अव्हिल या अ‍ॅलर्जीच्या औषधाकडं जातो, नाहीतर डेक्साकडं, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टिरॉइडकडं. शेतकऱ्यालाही 'अव्हिल' माहीत आहे, मेडिकलवाल्यालाही. झटक्यावरचं खरं औषध अ‍ॅड्रेनॅलिन, पण त्याचं नाव काढलं की चांगले चांगले डॉक्टर बिचकतात. हृदय बंद पडेल, जनावर हातात मरेल, मालक आपल्याला धरेल. मी स्वतः पहिल्या काही वर्षांत दोन जनावरं अशी घालवली, आधी अव्हिल, मग डेक्सा, मग सलाईन, आणि सगळं झाल्यावर, जनावराचे डोळे फिरल्यावर अ‍ॅड्रेनॅलिन. तेव्हा ते मढ्याला दिल्यासारखंच होतं. आणि मग आम्ही एकमेकांना सांगायचो, "अ‍ॅड्रेनॅलिन दिलं आणि गेलं बघ."

मी डबी उघडली. पाच अँपुलं होती. एक उजेडाला धरलं तर आतलं पाणी गुलाबी झालं होतं. हे औषध उजेडानं आणि उन्हानं बिघडतं, आधी गुलाबी, मग तपकिरी. ते फेकलं. उरली चार. एका अँपुलात एक मिलिलिटर, म्हणजे एक मिलिग्रॅम. किलोला 0.01 मिलिग्रॅम या हिशेबानं 400 किलोच्या म्हशीला चार मिलिग्रॅम. नेमकी चार अँपुलं. मोठ्या माणसाला असा झटका आला तर अर्धं अँपुल पुरतं. माणसाचा तो अर्धा मिलिलिटर डोक्यात बसलेला असतो, म्हणून आमच्यातले बरेच जण म्हशीला एक अँपुल देतात आणि "काही उपयोग झाला नाही" म्हणतात.

पुतण्याला म्हटलं, "गाडी काढ, महामार्गावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जा, माझं नाव सांग, अ‍ॅड्रेनॅलिनची असतील तेवढी अँपुलं घेऊन ये. मी फोन करतो." तो गेला.

सिरिंज भरायला घेतली तर आप्पा पुढं आले.

"एका सुईनं ही गत केलीया, आनि दुसरी मारालाय? नगं डाक्टर. सलाईन लावा."

त्यांचं काही चुकत नव्हतं. पंधरा मिनिटांपूर्वी जनावर धडधाकट होतं, माझ्या सुईनंतर ते पडत होतं. मी एवढंच म्हणालो, "आप्पा, मघाची सुई माझी होती, हिची जबाबदारीबी माझी. पण आता थांबलो तर दहा मिनिटांत ही जाईल." काकूंनी आप्पांचा हात धरून मागं ओढलं.

घाईत तिसरं अँपुल फोडताना काच बोटात घुसली. रक्त आलं. चौथं ओढताना थेंबभर औषध त्याच बोटावर सांडलं आणि पाहता पाहता रक्त थांबलं, जखमेभोवतीची कातडी पांढरीफटक पडली, पिठात बोट बुडवल्यासारखी. औषध काय करतं हे दाखवायला यापेक्षा चांगला फळा नाही.

7:33. चार मिलिलिटर, मानेच्या स्नायूत, दोन जागी विभागून. कातडीखाली नाही. कातडीखाली दिलं तर औषध तिथल्याच शिरा आवळतं आणि स्वतःचीच वाट अडवून बसतं. स्नायूतल्या शिरांवर त्याचा परिणाम उलटा होतो, त्या रुंदावतात, म्हणून तिथून ते लवकर रक्तात जातं. शिरेतून द्यायचं मी जाणूनबुजून टाळलं. त्यासाठी दहापट पातळ करावं लागतं, हळूहळू सोडावं लागतं, आणि ठोके कोलमडायचा धोका खरा असतो. ती वाट पूर्ण कोसळलेल्या जनावरासाठी राखलेली बरी.

मग तिला आडवं पडू न देता छातीवर बसवून ठेवलं, दोन्ही बाजूंना वैरणीच्या पेंढ्या लावून. आडवी पडली की पोट फुगतं, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. मानेच्या शिरेत सुई घालून रिंगर लॅक्टेटचं सलाईन चालू केलं. माझ्याकडं अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या होत्या. 400 किलोच्या म्हशीच्या अंगात रक्तच सुमारे तीस लिटर असतं, तेव्हा तीन लिटरनं काय होणार, हा प्रश्न बरोबर आहे. पण शिरेत वाट तयार राहते.

7:38. श्वास 52. ठोके मात्र 128 वर गेले, आणि खांदे, मांड्या थरथरायला लागल्या. हे औषधाचंच काम. इथं घाबरून हात आखडता घेणारे खूप पाहिलेत.

7:47 ला पुतण्या तीन अँपुलं घेऊन आला. श्वास अजून 48 होता आणि फेस थांबला नव्हता. 7:48 ला आणखी दोन मिलिलिटर, पुन्हा स्नायूत. त्यानंतर अव्हिल, आणि डेक्सामेथासोन 40 मिलिग्रॅम.

7:55 ला फेस थांबला. हिरडी गुलाबी व्हायला लागली, दाबल्यावर रंग दोन सेकंदांत परत. 8:05 ला तिनं जोरात ढेकर दिला. गोठ्यातल्या सगळ्यांना ऐकू गेला. कूस बसायला लागली. 8:18 ला उभी राहिली, तीन पायांवर, कारण चौथा तर दुखतच होता.

औषध काय करतं

काकूंनी दुपारी विचारलं, "त्यात हुतं काय?" त्यांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर.

झटक्यात अंगातल्या बारीक शिरा एकदम सैल पडतात आणि पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी शिरांबाहेर जातं. पापण्या सुजतात, फुप्फुसात पाणी भरतं, रक्ताचा दाब खाली येतो. त्याच वेळी श्वासनळ्या आवळल्या जातात. म्हणजे जे आवळलेलं हवं ते सुटलंय आणि जे सुटं हवं ते आवळलंय. अ‍ॅड्रेनॅलिन दोन्ही उलटवतं: शिरांचा सैलपणा काढून दाब वर आणतं, सूज उतरवतं, आणि श्वासनळ्या मोकळ्या करतं. शिवाय ज्या पेशी हा सगळा गोंधळ घालणारी रसायनं ओततात, त्यांचंही तोंड बंद करतं. एका औषधाकडून तीन कामं, आणि तीही काही मिनिटांत.

अव्हिल फक्त हिस्टामाइनला अडवतं. गाई-म्हशींच्या झटक्यात हिस्टामाइनपेक्षा सिरोटोनिन, ल्युकोट्राइन अशा इतर रसायनांचा हात मोठा असतो. त्यामुळं माणसाला किंवा कुत्र्याला अव्हिलनं जेवढा आराम पडतो तेवढा म्हशीला पडत नाही. जनावराप्रमाणं माराची जागाही बदलते. कुत्र्यात यकृताला फटका बसतो, म्हणून त्याला उलटी-जुलाब आधी. गाई-म्हशीत फुप्फुसाला, म्हणून फेस आणि धाप. डेक्साचा परिणाम दिसायला काही तास लागतात. ही दोन्ही औषधं द्यावीत, पण रांगेत मागं.

डेक्साबद्दल एक सांगायला हवं. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते दिलं तर जनावर वेळेआधी वेतात येऊ शकतं. आमची म्हैस पाचव्या महिन्यात होती, म्हणून मी ते दिलं. नववा असता तर विचार केला असता. अ‍ॅड्रेनॅलिनही गर्भाशयाच्या शिरा आवळतं, पोटातल्या रेडकाचा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी होतो. आप्पांना ते स्पष्ट सांगितलं. पण म्हशीचा दाबच बसला असता तर रेडकाला तरी कुठून रक्त मिळालं असतं?

आता त्या गुंगीच्या औषधाचं. आमच्या बॅगेत ट्रायफ्लुप्रोमाझिन बहुतेक वेळा असतं. दंगेखोर जनावराला शांत करायला ते सोयीचं. पण ते शिरा आवळणारी कळच बंद करून ठेवतं. त्यानंतर अ‍ॅड्रेनॅलिन दिलं तर आवळायचं काम होत नाही, नुसतं शिरा रुंदावायचं होतं, आणि दाब वाढायच्या ऐवजी आणखी पडतो. पुस्तकात याला अ‍ॅड्रेनॅलिनची उलटी क्रिया म्हणतात. त्या सकाळी पुतण्यानं दोरीनं पाय धरला नसता तर मी ते दिलं असतं, आणि मग हे प्रकरण वेगळं लिहावं लागलं असतं.

आणि आवळणं सगळीकडं चांगलं असं अजिबात नाही. त्याच बॅगेत बधिर करायच्या लिग्नोकेनच्या दोन बाटल्या असतात, एक साधी, एक अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेली. मिसळलेलीनं रक्त कमी वाहतं, बधिरपणा जास्त टिकतो. कुशीवर चिरा घ्यायचा असेल तर उत्तम. पण सडाला तारेचा कापा गेलाय, टाके घालायचेत, आणि सडाभोवती गोल सुया देताना ती बाटली हातात आली, तर सडाला रक्त नेणाऱ्या शिराच आवळल्या जातात. सडाला दुसरीकडून रक्त यायची सोय नाही. चार दिवसांत टोक काळं पडतं, मग गळून जातं. कान, शेपटीचं टोक, तिथंही तेच. एका गोठ्यात असं काळं पडलेलं सड मी पाहिलंय. कुणी दिलं ते विचारलं नाही. माझ्या बॅगेत तेव्हापासून साध्या बाटलीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली असते.

बरं, एक मजा. हे औषध 1901 च्या सुमारास जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञानं शुद्ध करून बाजारात आणलं, ते कत्तलखान्यातल्या जनावरांच्या ग्रंथींतून. आणि पुढच्याच वर्षी, 1902 मध्ये, शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना पाहिलं की पहिल्यांदा पचलेली विषाची मात्रा काही आठवड्यांनी पुन्हा थोडीशीच दिली तर कुत्रा काही मिनिटांत मरतो. अ‍ॅनाफिलॅक्सिस हे नाव त्यांनीच दिलं, आणि रिशेला 1913 चं नोबेल त्यासाठीच मिळालं. रोग आणि उतारा वर्षाच्या अंतरानं हाती आले, तरी शंभर वर्षांनंतर आपण गोठ्यात आधी अव्हिल शोधतो.

संध्याकाळची धार

मी साडेअकरापर्यंत बसून राहिलो. झटका उतरल्यावर काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते, आणि तेव्हा मी महामार्गावर असायला नको होतं. दर अर्ध्या तासानं श्वास मोजला: 36, 32, 28, 28. चहा दोनदा झाला. अडलेल्या गाईकडं दुसऱ्या डॉक्टरांना पाठवलं. दुपारी म्हशीनं वाडं खाल्लं, पाणी प्यायली.

संध्याकाळी पुन्हा फोन. या वेळी काकूंचा.

"पान्हा घालंना झालीया ओ. तुमच्या सुईनं दूध आटलं काय?"

गेलो. रेडकू लावून पाहिलं, कास चोळून पाहिली. म्हैस कान टवकारून माझ्याकडं बघत होती. कास भरलेली, सडात काही उतरत नाही. हे काकूंना नवीन नव्हतं. घरात पाव्हणे आले, फटाके वाजले, कुत्रं अंगावर आलं, की म्हैस दूध चोरते. पण ती चोरत नाही, तिच्या हातात ते नसतंच. घाबरल्यावर तिच्या अंगात आपोआप अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, तेच जे मी सकाळी सिरिंजमधून दिलं. ते कासेच्या शिरा आवळतं, आणि पान्हा आणणारं ऑक्सिटोसिन कासेपर्यंत पोचलं तरी तिथं त्याचं काही चालू देत नाही.

मात्र दोष माझ्या सुईचा नव्हता. रक्तात गेलेलं अ‍ॅड्रेनॅलिन काही मिनिटांत विरतं, सकाळच्या सुईचा संध्याकाळी मागमूसही उरत नाही. संध्याकाळी जे अडवत होतं ते तिचं स्वतःचं होतं. सकाळी ज्यानं दोनदा सुया टोचल्या तो माणूस पुन्हा समोर उभा! मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "मग तुम्ही भाईर जावा की." मी बाहेर जाऊन कट्ट्यावर बसलो. त्यांनी पेंडेची पाटी पुढं ठेवली, पाठीवर हात फिरवत बसल्या. वीस मिनिटांनी आतून बादलीत धार पडल्याचा आवाज आला. लिटरभर दूध निघालं.

तेवढ्यात शेजारच्या एकानं सल्ला दिलाच, पान्ह्याची, म्हणजे ऑक्सिटोसिनची, सुई मारा. गावोगाव हे चालतं, सगळ्यांना माहीत आहे. दूध काढायला अशी सुई देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 12 व्या कलमाखाली गुन्हा आहे. ते सोडलं तरी, गाभण म्हशीला गर्भाशय आवळणारी सुई द्यायची म्हणजे सकाळी वाचवलेलं रेडकू संध्याकाळी घालवायचं. मी त्याला जरा जास्तच बोललो.

निघालेलं दूध डेअरीला घातलं नाही. एकाच सुईचं का असेना, पेनिसिलिन दुधात उतरतंच. चार दिवस ओतलं. आप्पांचं नुकसान झालं, आणि त्याबद्दल ते मला काही बोलले नाहीत, हे मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. सुयांचे, सलाईनचे पैसे मी घेतले नाहीत.

पाय आणि पुढचं

खुराची जखम बरी करायची राहिलीच होती. पेनिसिलिन आता कायमचं बंद. त्याच्याच घराण्यातली अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिनही बंद, आणि सेफ्टिओफरसारखी सेफॅलोस्पोरिन जवळच्या नात्यातली, म्हणून तीही टाळली. सल्फाडिमिडिन पोटातून दिलं, आणि रोज मोरचुदाच्या पाच टक्के पाण्यात पाय बुडवून ठेवला. सातव्या दिवशी चारही पाय टेकून चालली. दूध दुसऱ्या दिवशी अडीच लिटर, पाचव्या दिवशी साडेचार, दहाव्या दिवशी साडेपाच. सहा पुन्हा झालं नाही, पण गाभणपण पुढं सरकत होतं, तेव्हा त्याचा हिशेब झटक्यावर लावता येणार नाही. मे महिन्यात दिवस भरून व्याली. रेडी झाली.

एक गोष्ट मला खटकत राहिली होती. असा झटका पहिल्याच सुईला येत नाही, अंगाला त्या औषधाची आधी ओळख झालेली असावी लागते. आप्पांच्या गोठ्यात तिला कधी पेनिसिलिन मिळालं नव्हतं. दहाव्या दिवशी व्यापाऱ्याकडून आधीच्या मालकाचा नंबर मिळवला आणि सरळ विचारलं, आधी कधी सुईनं त्रास झाला होता का?

"झाला हुता की. मागल्या साली कास सुजली तवा सुई मारली, तर डोळं सुजून भाकरीगत झालं हुतं. अर्ध्या तासानं उतरलं. तवाच म्हटलं, हिला सुई मानवत न्हाई, इकून टाकूया."

कागल ते आमचं गाव, मध्ये राज्याची हद्द. ही माहिती त्या हद्दीवर अडकली असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. ती बाजारात अडकली. विकणारा असं सांगत नसतो, आणि घेणारा विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. गाभण आहे का, किती दूध, कुठली वैरण, सगळं विचारलं होतं. आधी कुठल्या सुईनं सूज आली होती का, हे एवढंच नाही. आप्पांना उत्तर माहीत नसतं हे खरं, पण "माहीत नाही" हेही एक उत्तर असतं. मग मी निदान चहाला थांबलो असतो.

आता थांबतो. सुई दिल्यावर पंधरा-वीस मिनिटं, कुणी चहा विचारो न विचारो. बॅगेत अ‍ॅड्रेनॅलिनची बारा अँपुलं काळ्या डबीत असतात, झाकणावर मुदतीची तारीख आणि खाली लिहिलेलं: 100 किलोला 1.

म्हशीच्या आरोग्यपत्रिकेवर लाल शाईनं लिहिलं, 'पेनिसिलिन नको'. पत्रिका कन्नडमध्ये छापलेली आहे, आणि पुढच्या खेपेला कुठल्या भाषेतला डॉक्टर येईल सांगता येत नाही, म्हणून खाली कन्नड लिपीत 'पेनिसिलिन बेड' असंही लिहिलं. काकूंनी ती पत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोठ्याच्या तुळईला बांधली. आप्पा म्हणाले, "आनि इकायची झाली तर?"

काकू म्हणाल्या, "इकायची न्हाई."